केबलवाल्याच्या ॲपवर बघितलं तर डेटा कापत नाही, आमच्या साइटवर बघितलं तर कापतो. हे चालतं का?

छापखानावाला (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या वर्गणीची कुपनं. हौस म्हणून आमच्याकडची गावोगावची साहित्य संमेलनं कॅमेऱ्यात धरून ठेवतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, बेळगाव भागात संमेलन म्हणजे फक्त अखिल भारतीय नव्हे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत सुगी आवरली की मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते, पोरं लेझीम खेळतात आणि कविसंमेलनाला बायका घरचं काम टाकून येऊन बसतात. जेवण गावाचं. एवढं होऊन दुसऱ्या दिवशी मांडव उतरला की सगळं हवेत. कोण काय बोललं ते पेपरात दोन ओळीत येतं, तेही आलं तर.

म्हणून आमच्या वाचनालयाच्या मंडळाने एक साधी वेबसाइट केली. जाहिरात नाही, नाव-नंबर विचारणं नाही. उघडा, बघा, पाहिजे तर उतरवून घ्या. कवींना विचारूनच टाकतो.

आता मुद्दा. आमच्या पट्ट्यात घरात फायबर देणारा एकच माणूस आहे. नाव घेत नाही, रोज तोंड बघायचं असतं. मोबाइलचं म्हणाल तर जांबोटीच्या पुढे घाटाकडे गेलात की रेंज देवाच्या मर्जीवर. त्यामुळे गाव त्याच्यावरच. महिन्याला १०० जीबीचा प्लॅन बहुतेकांकडे आहे, ते संपले की पुढे नुसतं गोल फिरत बसतं. आमच्याकडे पंचविशीच्या आत संपवणारी घरं बरीच आहेत. म्हणजे महिन्याच्या पंचवीस तारखेच्या. घरात कॉलेजची पोरं असली की विचारायलाच नको.

या माणसाने आता स्वतःचं ॲप काढलंय. त्यात स्थानिक बातम्या, भजनं, जत्रेचं लाइव्ह. आणि जाहिरात अशी की ‘आमच्या ॲपवर जे बघाल ते १०० जीबीत मोजणार नाही’. गेल्या आठवड्यात तो वाचनालयात आला. म्हणाला, तुमची संमेलनं आमच्या ॲपवर टाका, लोकांना डेटा फुकट, तुम्हाला सर्व्हरचा खर्च नाही. अट एकच, साइटवरून काढायची, म्हणजे लोक एकाच जागी येतील.

मंडळातली ज्येष्ठ माणसं खूश. ‘फुकट देतोय तर घे की गा, कशाला आडवा पडतोस?’ मला मात्र पटत नाही. आज डेटा फुकट म्हणून सगळ्यांनी तिकडे जायचं, आणि उद्या त्याचं-आमचं बिनसलं तर? आमच्या कविता त्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्याकडे.

शिवाय एक संशय आहे. संध्याकाळी सात-साडेसातनंतर आमच्या साइटवरचे व्हिडिओ अडकत अडकत चालतात, आणि त्याच लाईनवर त्याच वेळी यूट्यूब बिनबोभाट चालतं. मुद्दाम आमच्यावर पाय ठेवतोय का? ते ओळखायचं कसं? आणि हे ‘आमचं मोजणार नाही, तुमचं मोजणार’ कायद्यात बसतं का?

रविवारी बैठक आहे. त्याआधी कुणी जाणकार बोलला तर बरं.

निपाणीकर

का गा भावा, घेऊन टाक की. आमच्या आईला एक जीबी म्हणजे काय ते माहीत नाही, पण महिन्याच्या शेवटी मालिका अडकली की घर डोक्यावर घेते. तिला ‘हे मोजत नाही’ म्हटलं तर ती रोज तेच बघणार. तुझ्या कवींना कधी नव्हे ते श्रोते मिळतील.

(आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. कागलच्या बाजूला तोंड करून बसलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर धरतो. २०१७च्या आधी रोमिंग कापलं जायचं तेव्हा घरातल्या घरात परराज्यात जाऊन यायचो. सीमाप्रश्न फोनने आपल्यापुरता सोडवला होता.)

जुना लाईनमन (बेळगाव, निवृत्त)

टेलिफोन खात्यात लाईनवर आयुष्य गेलं, म्हणून तांत्रिक बाजूचं मी सांगतो. कायद्याचं कुणीतरी वकील सांगेल.

छापखानावाल्या, ‘पाय ठेवतोय’ हे आधी बाजूला ठेव. यूट्यूब चालतं आणि तुझं अडकतं याला मुद्दाम काही करावं लागत नाही, ते आपोआप होतं. कसं ते बघ. गुगल, नेटफ्लिक्स असल्या कंपन्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रात स्वतःची यंत्रं फुकट बसवून देतात. लोक जे जास्त बघतात त्याची प्रत त्या यंत्रात आधीच येऊन पडलेली असते. तू गाणं लावलंस की ते जवळच्या केंद्रातून येतं. तुझ्या कविसंमेलनाची प्रत तिथे कोण ठेवणार? ते प्रत्येक वेळी तुझ्या सर्व्हरवरून निघतं, आणि तो सर्व्हर कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस. स्वस्तात घेतला असशील तर देशाबाहेर असणार. त्या बाहेरच्या वाटेची रुंदी तुमच्या केबलवाल्याला दर एमबीपीएसला (सेकंदाला किती मेगाबिट डेटा जातो त्याचं माप) पैसे मोजून घ्यावी लागते. संध्याकाळी सगळं गाव एकदम उठतं आणि ती वाट भरते. यूट्यूबची वाट वेगळी, ती मोकळी.

दुसरं, यूट्यूब लाईन ढिली पडली की चित्र स्वतःहून बारीक करतं, ४८० वर येतं, ३६० वर येतं, बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. तुझ्या साइटवर एकच फाइल असेल तर ती एकाच जाडीची येणार. आली तर आली, नाहीतर थांबली.

आता ओळखायचं कसं. एकच व्हिडिओ पहाटे लाव आणि रात्री नऊला लाव. पहाटे पळाला आणि रात्री अडकला तर ती गर्दी. मग रात्रीच व्हीपीएन (तुझा डेटा झाकून दुसऱ्या सर्व्हरवरून नेणारं ॲप) चालू करून लाव. व्हीपीएनमध्ये केबलवाल्याला तू कुठली साइट बघतोस ते दिसत नाही. व्हीपीएन लावल्यावर एकदम पळायला लागला तर संशयाला जागा आहे. तसाच अडकला तर त्याने तुझं नाव बघून काही केलेलं नाही असं धरायला हरकत नाही. आणि कंप्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘ट्रेसर्ट’ (tracert) लिहून पुढे साइटचा पत्ता टाक. कुठून कुठे जातंय त्याची यादी येईल, ती इथे टाक. स्वतःचा आयपी, म्हणजे तुझ्या जोडणीचा नंबर, खोडून.

आणखी एक, फाइल किती एमबीपीएसची आहे ते सांग.

छापखानावाला

काका, उपकार झाले. सगळं करून बघितलं.

पहाटे चकाचक. रात्री अडकतं. व्हीपीएन लावून रात्री तसंच अडकतं, उलट थोडं जास्तच. ट्रेसर्टमध्ये बेंगळूर, तिथून चेन्नई, मग सिंगापूर दिसतं, पुढे दोन-तीन चांदण्या आणि मग आमचा सर्व्हर. तो कुठे आहे हे मला खरोखर आजच कळलं. वर्षाचे पैसे भरले होते तेवढं माहीत होतं.

फाइल कॅमेऱ्यातून येते तशीच ठेवतो, ८ एमबीपीएस दाखवते. चित्र स्वच्छ पाहिजे असा मंडळाचा आग्रह. बक्षीस समारंभात आपलं तोंड नीट दिसलं पाहिजे ना.

म्हणजे पाय ठेवलेला नाही. बरं झालं बैठकीत बोलायच्या आधी कळलं. पण मोजण्या-न-मोजण्याचा प्रश्न आहे तिथेच आहे.

जुना लाईनमन (बेळगाव, निवृत्त)

८ एमबीपीएस! हिशेब कर. दोन तासांचं कविसंमेलन म्हणजे ७.२ जीबी. १०० जीबीचा प्लॅन असला आणि घरात दुसरं काहीच बघितलं नाही तरी तेरा कविसंमेलनात महिना खलास. मोबाइलवर दिवसाला दीड जीबी असतो, तो २५ मिनिटांत संपतो, म्हणजे अध्यक्षांचं प्रास्ताविकसुद्धा पूर्ण व्हायचं नाही. आणि दिवसाचा डेटा संपल्यावर जो ६४ केबीपीएस मिळतो त्यावर व्हिडिओ विसर.

तीच फाइल ४८० ची करून १ एमबीपीएसवर आण, दोन तास ९०० एमबीत बसतात. आणि माझं ऐकशील तर नुसता आवाज वेगळा ठेव. कविता ऐकायचीच असते. ६४ केबीपीएसचा ऑडिओ केलास तर दोन तासांचे ५८ एमबी होतात. शेतात मोबाइल खिशात ठेवून ऐकतील लोक. सर्व्हर मुंबईचा घे, आता स्वस्तात मिळतात.

निम्मं दुखणं इथेच बरं होतं. केबलवाल्याचा ॲप मग एवढा गोड वाटायचा नाही.

हिंडलग्याचा केबलवाला

मी याच धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शिव्या बसणार हे धरूनच लिहितोय.

मंडळी, ३०० घरांना १०० एमबीपीएस विकलं म्हणून कुणी मागे ३०,००० एमबीपीएस घेऊन बसत नाही. कुणालाच परवडणार नाही, शहरातल्या मोठ्या कंपनीलाही नाही. सगळे एकदम बघत नाहीत या हिशेबावर धंदा चालतो. मर्यादा असते ती त्यासाठी. एखादं घर दिवसरात्र डाउनलोड लावून ठेवतं आणि शेजारची म्हातारी नातवाशी व्हिडिओ कॉल करताना तिचं चित्र गोठतं. मग ती मला फोन करते, त्या घराला नाही.

वरून पावसाळा. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. झाड पडलं, केबल तुटली. जेसीबीवाला चर खणतो, केबल तुटली. माकडं तर केबलवर झोपाळेच बांधतात. करंट गेला की बॅटरी दोन तास, पुढे जनरेटर. महिन्याचं बिल मात्र लोकांना तीनशेच्या वर नको.

आता ॲपचं. माझ्या खोलीतल्या सर्व्हरवरून माझ्याच घरांना चित्र गेलं तर मला बाहेरची वाट विकत घ्यावी लागत नाही. मला खर्च शून्य. मग गिऱ्हाइकाकडून मोजून कशाला घेऊ? यात अन्याय कुठला? उलट वाचलेली वाट तुमच्या साइटलाच मोकळी होते की.

साइटवरून काढा ही अट मात्र चुकीची. मी असतो तर घातली नसती.

शाहापूरची, सध्या पुण्यात

माहेर शाहापूर, वकिली पुण्यात. ग्राहक आयोगापुढची कामं करते, म्हणून लिहिते.

सरळ उत्तर: इंटरनेट देणाऱ्याने कोणता मजकूर आहे हे बघून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ८ फेब्रुवारी २०१६ला नियम काढून हे बंद केलं. फुकट हाही दरच, शून्य रुपयांचा. त्यामुळे ‘आमचं ॲप मोजणार नाही’ हे त्या नियमात येतं. मोडलं तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड आहे आणि असा दर मागे घ्यायला लावायचा अधिकारही ट्रायला आहे.

हे का झालं ते तुमच्या मंडळातल्या ज्येष्ठांना सांगा, कारण तेव्हाही प्रश्न ‘फुकट देतोय तर घे की’ हाच होता. एप्रिल २०१५मध्ये एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ आणलं, म्हणजे ॲपवाल्या कंपनीने पैसे भरायचे आणि गिऱ्हाइकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, लोक चिडल्यावर मागे फिरलं. त्याच वर्षी फेसबुकने आधी इंटरनेट डॉट ऑर्ग आणि नंतर फ्री बेसिक्स या नावाने काही निवडक साइट्स गरिबांना फुकट द्यायची योजना रेटली, डिसेंबरमध्ये वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. निवड कोण करणार? फेसबुक. ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले होते. त्यात एक माझा. हॉस्टेलच्या वाय-फायवरून पाठवला होता, एवढं आठवतं. तेव्हा आमच्यातल्या अर्ध्या मुलींचं म्हणणं होतं की गरिबाला काहीतरी मिळतंय तर तुमच्या पोटात का दुखतं. तो मुद्दा हलका नव्हता आणि आजही नाही. पण ज्याच्या हातात लाईन त्याच्याच हातात निवड गेली की खानापूरच्या वाचनालयासारख्यांना दारात उभं राहून विनवणी करावी लागते. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

आता केबलवाल्या दादांचा मुद्दा. त्यांच्या बाजूने नियमात एक फट आहे खरी. नेटवर्क पूर्ण बंदिस्त असेल, म्हणजे आतला मजकूर आतल्या आतच राहतो आणि इंटरनेटवरून तिथे पोचताच येत नाही, तर हा नियम लागत नाही. पण पुढचं वाक्य वाचा: ही सवलत नियमाला बगल द्यायला वापरली तर तीही चालत नाही. म्हणून तपासायचं एवढंच की तो ॲप बाहेरून उघडतो का. बेळगावच्या मोबाइल डेटावर उघडतो का, पुण्यात उघडतो का. उघडत असेल तर ते बंदिस्त नेटवर्क नाही, इंटरनेटवरचं साधं ॲप आहे. ॲपचं नाव मला खाजगी मेसेजमध्ये पाठवा, मी इथून बघते.

वेग कमी करणं, अडवणं, एखाद्याला झुकतं माप देणं याची बंदी वेगळी आहे. ती जुलै २०१८मध्ये दूरसंचार विभागाने मान्य केली आणि परवान्यांच्या अटींत घातली. गर्दीच्या वेळी वाजवी नियोजन करायला मुभा आहे, आणि काका म्हणाले ती प्रती ठेवणारी यंत्रंही त्या बंदीच्या बाहेर ठेवली आहेत. म्हणून यूट्यूब पळतं आणि तुमचं अडकतं यात नियम मोडत नाही, कितीही टोचलं तरी.

मर्यादेबद्दल: मर्यादा ठेवायला बंदी नाही. पण ट्रायच्या ऑक्टोबर २०१६च्या आदेशाप्रमाणे किती जीबीपर्यंत कोणता वेग आणि पुढे कोणता हे स्पष्ट छापलं पाहिजे, निम्मा आणि ९० टक्के डेटा संपल्यावर ग्राहकाला कळवलं पाहिजे, आणि घरच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. ‘पुढे नुसतं गोल फिरत बसतं’ असं तुम्ही लिहिलंय. संपल्यावर वेग मोजून फोटो काढून ठेवा. जानेवारी २०२३पासून तर ब्रॉडबँड म्हणवून घ्यायलाच किमान २ एमबीपीएस लागतो.

शेवटचं, आणि बैठकीत हे पहिलं सांगा. कविता कवीची असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने हक्क त्याचे आहेत, आणि मंचावर सादर करणाऱ्याचेही वेगळे हक्क आहेत. तुम्ही कवींना विचारलंत ते वाचनालयाच्या साइटसाठी. ती संमती दुसऱ्याच्या धंद्याच्या ॲपला चालत नाही. मंडळाने सही केली तरी जे मंडळाचं नाही ते मंडळ देणार कसं?

निपाणीकर

ताई, वाचून गप्प झालो. माझी आई मात्र गप्प होणार नाही. तिच्या मालिकेचं काय करायचं ते सांगा.

जुना लाईनमन (बेळगाव, निवृत्त)

हिंडलग्याच्या भावा, तुझं म्हणणं खोटं नाही. माकडांचं तर शंभर टक्के खरं, मी खांबावर चढून बघितलंय. खोलीतल्या सर्व्हरवरून गेलं तर खर्च वाचतो हेही मान्य. पण मग त्या सर्व्हरवर जागा कुणाला, हे कोण ठरवतंय? ज्याची अट मान्य त्याला. तिथे सगळं बिघडतं.

तुला गर्दीच सांभाळायची असेल तर मजकूर न बघता सांभाळ. बीएसएनएलच्या डेटावन ब्रॉडबँडला जुन्या काळी एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ काहीच मोजलं जायचं नाही. पोरं गजर लावून उठायची, डाउनलोड लावायची, परत झोपायची. कुठली साइट, कुणाचं गाणं, काही विचारलं जायचं नाही. वाट रिकामी असते तेव्हा सगळ्यांना मोकळी. तुम्ही रात्री अकरा ते सकाळी सहा असं करा. छापखानावाल्याची साइट उतरवून घ्यायला देतेच आहे, लोक पहाटे उतरवतील आणि संध्याकाळी बघतील. निपाणीकराच्या आईची मालिकाही तशीच. संध्याकाळची वाट मोकळी होते आणि नियमही मोडत नाही.

हिंडलग्याचा केबलवाला

रात्रीचं करता येईल. आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळेप्रमाणे मोजणं बंद करायची सोय आहे, वापरत कुणी नाही. पण १०० जीबी वाढवून सगळ्यांना २०० द्या असं म्हणाल तर मला मागच्या कंपनीशी बोलावं लागेल. आमचा हात तिथे अडकलेला असतो हे लोकांना दिसत नाही.

आणि ताई, तुम्ही सांगितलेला दंड आमच्यासारख्याला लागतो की परवानावाल्या कंपनीला?

शाहापूरची, सध्या पुण्यात

जबाबदारी परवानाधारकाची. गावात केबल ओढणारा बहुधा कुणाचा तरी भागीदार किंवा फ्रँचायझी असतो. छापखानावाले, बिलाच्या पावतीवर कोणत्या कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे ते बघा. पत्र तिलाच जाईल, केबलवाल्याला प्रत. पुष्कळदा वरच्या कंपनीला खाली काय जाहिरात चाललीय याचा पत्ताच नसतो.

क्रम असा ठेवा. आधी त्यांच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, तो नसेल तर पुढे कुणी ऐकणार नाही. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्यांच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे. तिथेही नाही झालं तर दूरसंचार विभागाचं सार्वजनिक तक्रार पोर्टल. ट्राय एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही, पण दराचा नियम मोडला जातोय हे त्यांना लेखी कळवता येतं, जाहिरातीचा फोटो जोडा. आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. टेलिकॉमची भांडणं तिथे चालत नाहीत असं कंपन्या सांगायच्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये तो प्रश्न मिटवला.

ता. क. ॲप बघितला. पुण्यात माझ्या मोबाइल डेटावर उघडला. भजन लागलंय. माझा डेटा मात्र कापतोय.

छापखानावाला

ताई, काका, हिंडलग्याचे दादा, सगळ्यांचे आभार. बैठक झाली, थोडक्यात कळवतो.

कवींच्या हक्काचं सांगितल्यावर आधी शांतता, मग आमच्या अध्यक्षांनीच विचारलं, ‘म्हणजे माझी कविता मला न विचारता दिली असती होय रे तुम्ही?’ ते स्वतः दरवर्षी दोन कविता म्हणतात, लांब असतात. तिथेच निम्मी बैठक आमच्या बाजूला आली.

फ्री बेसिक्सचं सांगितलं तर एक गुरुजी म्हणाले, हे आपल्या शाळांसारखंच झालं, फुकट मिळेल पण कुठल्या भाषेत ते आम्ही ठरवू. यावर अर्धा तास वेगळीच चर्चा रंगली, ती इथे लिहीत नाही.

विरोधही झाला, तो सांगितला पाहिजे. आमच्या खजिनदारांचं म्हणणं, नियम दिल्लीत, केबलवाला दारात. पावसात लाईन तुटली की तो मंडळाच्या माणसांकडे सगळ्यात शेवटी येईल. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. दुसरा देणारा गावात असता तर ही भीतीच नसती. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची सरकारी फायबर येते, तिथून वाचनालयाला जोडणी मागायची का, यावर पुढच्या महिन्यात बोलायचं ठरलं.

म्हणून पत्र लगेच वर धाडलं नाही. आधी त्यालाच भेटलो. जाहिरातीतली ‘मोजणार नाही’ ही ओळ काढा, रात्रीचं सगळ्यांसाठी मोकळं करा, आणि आमच्या साइटची एक प्रत तुमच्या सर्व्हरवर ठेवायची असेल तर ठेवा, कवींना विचारून आम्हीच देऊ, पण साइट राहणार आणि मोजणं दोन्हीकडे सारखं. तो म्हणाला वरच्या कंपनीला विचारतो. पावतीवरचं नाव मी उतरवून घेतलंय. पंधरा दिवस वाट बघू, मग तक्रार केंद्राला फोन. तिथे कन्नडला एक दाबा, इंग्रजीला दोन, हिंदीला तीन. मी दोन दाबून मराठीत बोलतो, आजवर कुणी फोन ठेवला नाही.

मुंबईचा सर्व्हर घेतला. ऑडिओ चढवायला सुरुवात केलीय, आधी कविसंमेलनं. काका, एका फाइलमध्ये मागून लेझीमचा आवाज एवढा येतो की कवी ऐकूच येत नाही. तो कमी करायचं काही फुकटातलं सॉफ्टवेअर आहे का?

जुना लाईनमन (बेळगाव, निवृत्त)

ऑडॅसिटी म्हणून आहे, फुकट आहे. पण त्यातलं ‘नॉइज रिडक्शन’ पंख्याची घरघर काढतं, लेझीम निघणार नाही. पुढच्या वेळी माइकच्या पेटीतून थेट वायर घे. मांडववाल्याला आधी सांगून ठेव, तो ऐनवेळी वायर नाही म्हणतो.